झिरमाई आणि दुसरा मैल

"साहेब, देवीला कुणी उचलून नेलं, तर ती चोराचा हात का धरत नाही?"

विचारला! उभं राहून, खणखणीत आवाजात, अख्ख्या दहावीच्या वर्गासमोर विचारला! हेडमास्तरीण इंदिराबाई दारातच उभ्या होत्या. भागी आणि लता माझ्या दोन्ही बाजूंना बसून एकमेकींना चिमटे काढत होत्या, कारण पैज त्यांचीच. हा प्रश्न साहेबांना विचारलास तर आठ दिवस तुझं दप्तर आम्ही वाहू, असं कबूल झालं होतं. आमचं झिरखेडे सावद्यापासून तीन मैल. जी रोज पायी शाळेत येते तिलाच कळेल, आठ दिवस हात हलवत चालणं म्हणजे काय चैन असते ती. मागच्या वर्षीची द्वारका असती तर बाकाखाली तोंड घालून बसली असती. पण यंदा वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून मला माझाच आवाज फार आवडायला लागला आहे.

वर्ग खो खो हसला. साहेब हसले नाहीत.

हे गद्रे साहेब, सरकारच्या पुराणवस्तू खात्यातले. त्यांनी आम्हाला एक मोठा फोटो दाखवला होता. काळ्या दगडाची देवी, हातावर पोपट, डाव्या कानात हे एवढं कुंडल आणि उजवा कान मोकळा. गालात किंचित हसू. मुंबईच्या बंदरावर एका पेटीत ती सापडली. पेटीवर लिहिलं होतं, 'जात्याचे दगड'. जहाजात चढली असती की गेलीच होती सातासमुद्रापार. पेटी भुसावळ स्टेशनातून सुटली एवढाच धागा हाती लागला, म्हणून साहेब भुसावळच्या आसपासची गावं पालथी घालत होते.

"प्रत्येक गाव एकच सांगतं," ते म्हणाले होते. "आमचा देव जागेवर आहे. सोमवारी भुसावळच्या कोर्टात तारीख आहे. ज्याच्याकडून पेटी धरली तो व्यापारी म्हणतो, मूर्ती माझ्या आजोबांच्या देवघरातली. कुणी खरा मालक उभा राहिला नाही, तर ती त्याला परत द्यावी लागेल."

तो दिवस मंगळवार होता.

माझा प्रश्न ऐकून साहेबांनी चष्मा काढून पुसला. "कारण चोर तेव्हाच येतो, मुली, जेव्हा देवाकडे कुणी बघत नसतं. आता तूच सांग. तुमच्या गावच्या देवीकडे कधी कुणी बघत नाही?"

"छे! आमची झिरमाई! तिच्याकडे रोज अख्खं गाव बघतं. फक्त कात टाकते तेव्हा पाच दिवस..."

आणि मी तिथंच थांबले.

कात म्हणजे शेंदराची. झिरमाईला दर अमावास्येला तेलशेंदराचा लेप लागतो. वर्षानुवर्षं थरावर थर चढत जातो, आणि कधीतरी एक दिवस ती सगळी खोळ आपोआप सुटून खाली पडते. मग देवी उघडी झाली म्हणून तिच्यावर लुगडं टाकतात. पाच दिवस देवळाकडे कुणी फिरकत नाही. सहाव्या दिवशी ज्या घरची पाळी असेल तो माणूस लुगड्याखाली हात घालून, तोंड फिरवून, नव्या शेंदराचा लेप देतो आणि चांदीचे डोळे पुन्हा चिकटवतो. उघड्या देवीला बघायचं नाही, असा नेम आहे. मी जन्मल्यापासून असं एकदाच झालं. चार वर्षांपूर्वी. तेव्हा पाळी आमच्या घरची होती.

तेव्हाच सावद्याच्या रस्त्यावर खडीचं काम चाललं होतं. तिथल्या तंबूत एक चष्मेवाला पाहुणा राहायचा आणि गावात जुनी नाणी, जुने दगड विचारत फिरायचा. आम्ही पोरी त्याला नाणेमामा म्हणायचो!

त्या पाच दिवसांत त्यानंच लुगड्याखालची देवी बदलली असली तर? शाळा सुटताच मी निघाले. माझं दप्तर भागीच्या पाठीवर होतं आणि मी जवळजवळ पळतच होते.

"अगं हळू! मैल मोजायचे ना?" लता ओरडली. हा आमचा रोजचा खेळ. सावद्याहून निघालं की मैलाचा पहिला दगड येतो, मग केळीचे मळे, मग एकदम तिसरा. दुसरा दगडच नाही. आम्ही म्हणतो, मधला मैल सरकारनं फुकट दिला.

"आज मैल बिल काही नाही!" मी म्हटलं.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मळ्यातच गाठलं. ते केळीचा घड उतरवत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी घड इतका सावकाश खाली ठेवला की मला भीतीच वाटली.

"द्वारके, झिरमाईले मी ह्या हातांनी शेंदूर लावला. डोळे मी लावले. आन तू मले सांगी राह्यली का ती झिरमाई नही?"

"तुम्ही पाहिलं होतं का तिला, दादा?"

"कोनी पाह्यत नही."

"मग हाताला कशी लागली? नाक लागलं?"

त्यांनी कोयता उचलला. म्हणाले, "शेंदूर खरडायचं नाव काढशीन तर शाळा बंद."

आमचे दादा म्हणजे सुपडू पाटील, एकदा बोलले की बोलले. शाळा बंद म्हणजे बंद! आणि मग मामानं माझ्यासाठी आणलेलं लग्नाचं स्थळ वाटच बघत होतं. पण गप्प बसावं तर सोमवार येणार, आणि ती गालात हसणारी बाई पुन्हा पेटीत. रात्रभर मी एकच विचार केला: खरडायचं नाही ना? ठीक आहे. मग सुटून पडलेली खोळ कुठे आहे?

खोळ तापीत सोडतात. ते काम असतं देवळाजवळच्या धुरपदाबाईचं. म्हातारी माहेरची दोंडाईच्याकडची, साठ वर्षं इथे राहून अजून तिकडचंच बोलते. बुधवारी शाळेला सुट्टी होती; सकाळीच तिच्या ओट्यावर जाऊन मी म्हटलं, "आजी, झिरमाईची खोळ तुम्ही नदीत कुठे सोडली? मला ती जागा दाखवा."

म्हातारीनं आधी इकडे पाहिलं, मग तिकडे, आणि माझा हात धरून मला घरात ओढलं.

"कोनले सांगशी नही ना, बेटा? नदीमा टाकाले सांगेल व्हतं मले. पन मन्हं मन नही व्हयनं. त्यामा तिन्हं तोंड शे."

"कुठंय?"

"बठ्ठी शे. रांजणमा शे."

अख्खी, रांजणात! जुन्या लुगड्यात गुंडाळलेली! बाहेरून नुसतं लाल ढेकूळ, पण उलटी करून उजेडात धरली तर आतल्या बाजूला एक खोल चेहरा. नाकाच्या जागी खड्डा, ओठांच्या जागी खड्डा, सगळं उलटं.  मी एकदम ओरडले, "आजी, माती! ओली माती द्या!"

दरवर्षी आम्ही पोरी गुलाबाईची मूर्ती मातीची करतो, त्यामुळे माती कशी मळायची ते मला कुणी शिकवायला नको. खोळीला आतून तेल चोळलं आणि मऊ माती कानाकोपऱ्यात दाबून भरली. धुरपदाबाई देवाचं नाव घेत शेजारी बसून राहिली. जरा सुकल्यावर मी खोळ अलगद उचलली.

ती आमच्याकडे बघून हसली! तेच गालातलं हसू. डाव्या कानात हे एवढं कुंडल, उजवा कान मोकळा.

"माय वो," धुरपदाबाई एवढंच म्हणाली, आणि तिनं मातीच्या त्या तोंडावरून बोटं मोडली.

मी ती मूर्ती परातीत ठेवून, वर ओलं फडकं टाकून, भर गावातून घरी नेली. दादा जेवायला बसले होते, आई वाढत होती. मी फडकं काढलं.

"ही कोन?" दादांनी विचारलं.

"झिरमाई. खोळीतून काढली. मुंबईला सापडली तिचा चेहरा हाच आहे, मी फोटो पाहिलाय. तुम्ही फक्त एवढंच सांगा, शेंदूर लावताना हे नाक हाताला लागलं होतं का?"

दादांनी खरकटा हात तसाच पुढे केला आणि एका बोटानं मातीचं नाक चाचपलं.  आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"गुळगुळीत होतं," ते आईकडे बघून म्हणाले. "मले वाटलं, इतक्या वर्साच्या शेंदरानं झिजलं असीन. चार वर्सं मले खटकी राह्यलं, मंदे. मी कोनाले बोललो नही."

ताट तसंच टाकून ते उठले. खरडायला मी नाही, तेच निघाले!

अर्ध्या तासात सारा गाव देवळासमोर. शालिग्राम नाना गावात सगळ्यांत मोठे. ते काठी आपटत म्हणाले, "सुपडू, पोरीच्या नादानं देवीले हात लावतो? पाप लागीन!"

"लागायचं ते लागलंच हाये, नाना. डोळे म्याच लावलते." दादांनी आधी चांदीचे डोळे काढून नानांच्या हातात ठेवले, पाया पडले, आणि गरम तेलात फडकं बुडवून पुसायला लागले. लाल ओघळ पायरीवर आले. मी खुरपं पुढे केलं. एक थर, दुसरा थर, मग करडा दगड दिसला. वरून गोल, पुढून सपाट. सपाट भागावर काहीतरी खोदलेलं होतं. दादांना वाचता येत नाही.

"वाच व द्वारके."

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण हसावं की रडावं तेच कळेना.

"सावदा, दोन मैल."

 मागून भागी किंचाळली, "आपला फुकटचा मैल!" आणि पोरींमध्ये जे हसू फुटलं ते बायकांमध्ये गेलं, बायकांतून पुरुषांत. शालिग्राम नाना तेवढे गंभीर. "म्हंजे चार वर्सं आपुन मैलाच्या दगडाले नवस बोललो?"

"आन माह्या नवस फळला त्याचं काय, नाना?" कडेवर पोर घेतलेल्या लताच्या वहिनीनं विचारलं. 

दादाही हसले नाहीत. त्यांनी दगडाला हात जोडले आणि मान खाली घालून बसून राहिले. मग काय झालं असेल? नाना स्वतः त्यांच्याजवळ जाऊन बसले. "ऊठ बाप्पा. तोंड फिरवायचं आम्हीच शिकवलं तुले. चोरानं डोळे ठेवले आन देवी नेली, आन आपुन बसलो डोळ्याइकडेच पाहत. सोमवारी बठे भुसावळले चला."

आम्ही सावद्याला निरोप धाडला तशी इंदिराबाईंनी त्याच दिवशी साहेबांना तार केली. सोमवारी आम्ही तीन बैलगाड्या भरून गेलो. माझ्या मांडीवर केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधलेली खोळ, शेजारी धुरपदाबाई. तिनं वाटभर एकच घोर लावून घेतला होता, की आता नदीत न टाकल्याबद्दल तिला सरकार धरतं की काय!

कोर्टात टेबलावर ती होती. फोटोपेक्षा शंभरपट सुंदर! व्यापारी आमचा नाणेमामा नव्हता; मोठा टापटीप, तोंडात पान. आजोबांच्या देवघराचं असं रसाळ वर्णन करत होता की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग गद्रे साहेबांनी मला पुढे बोलावलं. मी वक्तृत्वातला आवाज लावला. कात, पाच दिवस, रांजण, सगळं सांगितलं. "एवढ्या फुशारक्या मारतेस, पुरावा काय?" व्यापाऱ्याच्या वकिलानं विचारलं.

मी सोपट सोडलं. खोळ दोन्ही हातांत धरली आणि देवीच्या तोंडावर टेकवली. थोडी डावीकडे, थोडी खाली, आणि मग... बसली! डब्यावर त्याचंच झाकण बसावं तशी, कुंडलासकट! मी हात काढून घेतले तरी ती पडली नाही.

धुरपदाबाई जागेवरूनच ओरडली, "देखा! देखा! मन्ही माय शे ती!" शिपाई तिला गप्प करायला धावला, पण न्यायाधीशच खुर्चीवरून उठून बघायला आले होते. व्यापाऱ्याचं पान तोंडातल्या तोंडात राहिलं. संध्याकाळच्या आत हुकूम झाला: मूर्ती झिरखेड्याची.

गद्रे साहेब मला म्हणाले, "मुली, खोळ जप. त्यात जेवढं लिहिलंय तेवढं आमच्या दप्तरातही नाही. आणि असं वाचायला शिकवतात, बरं का. पुण्याला. मॅट्रिक झालीस की ये."

झिरमाई केळीच्या पानांवर बसून गावात आली. तिचं तोंड उघडं ठेवायचं आणि शेंदूर फक्त पायांना लावायचा, हे ठरवायला गावानं दोन दिवस भांडण केलं. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, हसणारी देवी झाकून ठेवायची काय? भांडण मिटलं.

उरला तो मैलाचा दगड. काल दादांनी तो गाडीत घातला आणि मी व आई मागे बसून निघालो. पहिल्या नि तिसऱ्या मैलाच्या मध्ये, मळ्याच्या बांधाशी, जुना खड्डा अजून तसाच होता. दादांनी दगड उभा केला, माती लोटली, पायानं दाबली. कानाकोपऱ्यात थोडा शेंदूर राहिलाच होता. आईनं सवयीनं हात जोडले आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसली.

"ज्याचं त्याच्या जागी गेलं," दादा हात झटकत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "त्या दिसी मी म्हनलो, शाळा बंद करीन. ते बोलनं मी परत घेतलं. आता तुह्या मामानं आणलेल्या स्थळाचं..."

"दादा, आई, थांबा," मी म्हटलं. एक हात मी दगडावर ठेवला होता, आणि आवाज इतका खणखणीत निघाला की मळ्यातले बगळे उडाले. "मी पुढच्या वर्षी अकरावी करून मॅट्रिक होणार आणि पुण्याला जाणार. जमिनीखाली नि शेंदराखाली काय आहे ते शिकायला. नाणेमामानं आणखी कुठल्या कुठल्या गावात दगड बदलले असतील, कुणाला ठाऊक? ते मी शोधणार. स्थळाला नकार कळवून टाका."