डावीकडे झुकणारा झोत

कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत. लढाऊ विमानाच्या नाकात बसणाऱ्या रडारसाठी त्यांनी सतरा वर्षं हाडाची काडं केली होती. या रडारला गरगर फिरणारी थाळी नसते. एका पाटीवर हजारभर चिमुकले प्रक्षेपक दाटीवाटीनं बसवलेले असतात. प्रत्येकाचा ठेका किंचित मागेपुढे केला, की पाटी जागची न हलता रडारच्या लहरींचा झोत हवा तिकडे वळतो. ते ठेके जुळवायचे मास्तरांनी.

"तिकडे हजार पोरं सांभाळतात," बायको म्हणायची, "घरातली एकुलती एक तेवढी दिसत नाही."

त्या एकुलतीनं परदेशात शिकता शिकता तिथल्याच मुलाशी लग्न केलं. तीन आठवड्यांनी सुरक्षा अधिकाऱ्यानं मास्तरांचा पास काढून घेतला. जवळचं नातं परदेशी माणसाशी, म्हणून प्रयोगशाळा बंद.

"अहो, जावई शाळेत गाणं शिकवतो. रडार आणि रताळं यातला फरक त्याला कळायचा नाही."

"मला पटतंय हो. नियमाला कोण पटवणार?"

मास्तरांना फाटकाजवळच्या खोलीत जुने कागद लावायला बसवलं. त्यांनी सगळा राग मनातल्या मनात लेकीवर धरला. तिचा फोन आला की ते उठून गॅलरीत जात.

रडारची विमानातली चाचणी महिन्यावर आली, तशी एका रविवारी त्यांच्या हाताखाली तयार झालेली इंजिनीअर घरी आली. चहाचा कप तिनं बाजूला सारला.

"मास्तर, कामाचं बोलता येत नाही. पण समजा, एखाद्याला ताप चढला आणि त्याची नजर डावीकडेच जायला लागली तर?"

कित्येक महिन्यांनी मास्तर खळखळून हसले. "ताप सगळ्या अंगाला सारखा नसतो गं. कडेला गार, मध्ये भट्टी. थंड असताना लिहिलेला ठेक्यांचा तक्ता तापल्यावर कसा चालेल? गरम असतानाच पुन्हा मोजा. आणि डावीकडच्या थंडाव्याच्या नळीत बुडबुडा अडकलाय का बघा."

बुडबुडाच होता. झोत सरळ झाला. पण तिचं त्यांच्या घरी जाणं कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं, आणि चौकशी बसली. आधी तिला आत बोलावलं, मग त्यांना.

"तिनं तुम्हाला दोष सांगितला?"

"नाही."

"तुम्ही तिला उपाय सांगितला?"

खरं बोलावं तर पोरीची नोकरी जाणार. मास्तर म्हणाले, "मला काय ठाऊक असणार? मी जुने कागद लावतो."

"तीही तेच म्हणाली," अधिकारी समाधानानं म्हणाला. "उपाय तिचा तिलाच सुचला. सही केली आहे तिनं."

बाहेर बाकावर ती बसली होती. मास्तरांना पाहताच तिनं मान खाली घातली. तिनं दुसरं काय करायला हवं होतं? हे स्वतःला विचारूनही त्यांच्या तोंडाची कडू चव जाईना.

विमान उडालं. रडारनं लांबची चार लक्ष्यं एकदम टिपली. सन्मान तिचा झाला. तिनं भाषणात "माझ्या वरिष्ठांचे" आभार मानले, नाव घेतलं नाही. घेता आलंच नसतं.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. बायकोनं बळेच तो त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, बातमी पाहिली! तुमचं रडार उडालं!"

तिचा आवाज आनंदानं फुटत होता. तिच्या लग्नापायी काय झालं, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"माझं नाही ते," मास्तर म्हणाले, आणि फोन बायकोच्या हातात देऊन गॅलरीत गेले.