बांधाचं वळण

समीक्षा धावत खाली पोचली, तोवर रखमाबाईनं फरशीवरच्या नारिंगी चिकटपट्टीच्या बावीस फुल्या खरवडून डब्यात टाकल्या होत्या. घोडबंदर रोडच्या खाडीकडच्या अंगाला तो टॉवर होता आणि त्याच्या उघड्या पार्किंगची झाडलोट रखमाबाईकडे होती. फरशीवर कुणी काही चिकटवलं की ते काढायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिनं आपलं काम चोख केलं होतं आणि समीक्षाची अख्खी सकाळ मातीत गेली होती.

समीक्षा डोंबिवलीत मानपाड्याला राहायची आणि माजिवड्याच्या एका स्टुडिओत कामाला होती. पोरगी रडकुंडीला आली, पण खेकसली नाही. शेजारी उकिडवी बसून नव्या फुल्या चिकटवता चिकटवता तिनं सगळं समजावून सांगितलं. कॅमेरा हलला की चित्रात फुल्या सरकतात. त्या कशा सरकल्या ते बघून कॉम्प्युटर कॅमेरा नेमका कुठे होता ते ओळखतो. मग फरशीवर काहीही मांडा, तलाव मांडा नाहीतर डोंगर, तो जमिनीला धरून राहतो. जाहिरात बिल्डरची होती. काल इथे मिठागर होतं, आज टॉवर आहे, असं दाखवायचं. एक नटी डोक्यावर पाटी घेऊन चालणार आणि तिच्याभोवती समीक्षा मिठागर उभं करणार.

मिठागर म्हटल्यावर रखमाबाईचा हात थांबला. लग्न होऊन आली तेव्हापासून आगर बंद पडेपर्यंत तिनं इथेच मीठ वाहिलं होतं. त्या दिवसांचा एक फोटोसुद्धा तिच्यापाशी नव्हता. नात सोनल तर तोंडावर म्हणायची, आजी फेकते, टॉवरखाली कधी मीठ असतं का?

नटी आली आणि पाटी घेऊन अशी लचकत चालली की रखमाबाईला हसू आवरेना. तिनं पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली, मान ताठ केली आणि चार पावलं चालून दाखवली. दिग्दर्शक सूरज चिडका खरा, पण आंधळा नव्हता. अर्ध्या तासात नटी गाडीत जाऊन बसली आणि रखमाबाई अंगावरचा निळा कोट उतरवून, लुगडं नेसून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. छाती जशी धडधडत होती, तशी लग्नातही धडधडली नव्हती.

सूरजनं सरळ रेषेत चालायला सांगितलं होतं. रखमाबाई निघाली ती झोकात, पण मध्यावर येताच डावीकडे वळली, सात-आठ पावलं तिरकी गेली आणि पुन्हा सरळ झाली. सूरजनं पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याचा पारा चढला. समोर फरशी सपाट पडलीय आणि बाई भलतीकडेच का जाते, ते त्याला कळेना. नटीला परत बोलवा, असं तो म्हणाला तेव्हा रखमाबाईचा चेहरा उतरला. हातातोंडाशी आलेला घास जात होता. तरी ती हटेना.

"बांद शीदा नव्हता, साएब," ती भिंतीपलीकडच्या गावदेवीच्या झेंड्याकडे बोट करत म्हणाली. "देवीच्या समोर आला की वलायचा. शीदी गेली तं मी पान्यान जाईन."

"मावशी, इथे पाणी कुठेय?"

"तुमाला नाय दिसत. मना हाय."

सगळे हसले. समीक्षा हसली नाही. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिन्ही वेळच्या चित्रणात रखमाबाईच्या पावलांचा माग काढला. कॅमेरा तिन्ही वेळा वेगळा फिरला होता. म्हणून तिनं तो हिशेब वजा करून पावलं तेवढी जमिनीवर उतरवली. पडद्यावर तीन रेषा उमटल्या. लाल, हिरवी, पिवळी. तिन्ही एकाच जागी वळत होत्या, एकीवर एक बसत होत्या.

"सर, वीतभरसुद्धा फरक नाहीये," समीक्षानं लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. "खाली काहीच नसताना! अहो, मावशींना नका सरळ चालवू. आपण चित्रातला बांधच वळवू ना."

सूरजनं त्या तीन रेषा स्वतः ताडून पाहिल्या. मग त्यानं नटीची गाडी परत पाठवली.

पंधरा दिवसांनी समीक्षानं रखमाबाईला रिक्षानं माजिवड्याच्या स्टुडिओत नेलं. सोनलही बरोबर होती. खोलीत गारठा होता आणि भिंतभर पडदा. रखमाबाईला रात्रभर झोप नव्हती. आता बसवत नव्हतं म्हणून ती उभीच राहिली. चित्र सुरू झालं आणि पार्किंग गेलं. खाडीपर्यंत पांढरे चौकोन पसरले, त्यांच्यात आभाळ हललं, आणि चौकोनांमधून वळत गेलेल्या काळ्या बांधावरून पाटी घेऊन ती स्वतः चालली होती. एकही पाऊल बांधाबाहेर पडत नव्हतं.

"आजी, हे खरंच असं होतं?" सोनल पुटपुटली.

"पानी वाईच जास्त झालाय," रखमाबाई म्हणाली. "एवऱ्या पान्यान मीठ नाय पिकत." पण डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. समीक्षानं वहीत पाणी कमी करायचं टिपून घेतलं. त्या आनंदात कुणाच्या लक्षात आलं नाही की रखमाबाईनं लुगड्याचा काठ चिमटीत धरून घोट्याच्या वर उचलला होता. मिठागरातली बाई खारं पाणी लागू नये म्हणून उचलते, तसा.

पडद्यावरची रखमाबाई बांधाच्या टोकाशी पोचली. तिच्यामागे पांढऱ्या चौकोनांतून खांब वर आले, त्यांवर मजले चढले, खिडक्यांना काचा बसल्या, आणि बघता बघता टॉवर उभा राहिला. सोनलनं टाळ्या वाजवल्या. समीक्षानंही वाजवल्या.

रखमाबाईनं खाली पाहिलं. फरशी कोरडी होती. तिनं चिमटीतला काठ सोडला, हातानं सारखा केला, आणि ड्युटीला उशीर होतोय म्हणाली.