विरुद्ध

“बोला शॅकलेटकाका, बाजूनं की विरुद्ध?” शेरीफनं विचारलं. कारकून अँब्रोज टिलरीनं सवयीनं डाव्या रकान्यावर टाक टेकवला. सकाळपासून उजवा रकाना कोराच होता.

व्हर्जिनियानं अमेरिकेतून फुटून निघावं का, यावर १८६१च्या मे महिन्यात गावोगाव मतं घेतली जात होती. मत द्यायचं ते कोर्टाच्या कचेरीत, सगळ्यांदेखत, तोंडानं. दारातच फुटीसाठी उभारलेल्या नव्या पलटणीचे जवान बंदुका घेऊन उभे होते. लेम्युएल शॅकलेट चाकं बनवणारा सुतार, मोजकं बोलणारा. तो काही वेगळं बोलेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

“विरुद्ध,” तो म्हणाला.

तंबाखूच्या मळ्यांचे आणि साठ गुलामांचे मालक कर्नल पेंडलटन पुढच्याच खुर्चीत बसले होते. त्यांनी शांतपणे समजावलं, की राज्यं आपखुशीनं एकत्र आली, तशी ती आपखुशीनं वेगळीही होऊ शकतात. “ज्याला नांदायचं नाही, त्याला जबरदस्तीनं नांदवता येतं का लेम?”

शॅकलेटनं मान हलवली. “नाही साहेब. ज्याला नांदायचं नाही त्याला जाऊ द्यावं. मग आधी तुमच्या मळ्यावरच्या माणसांना विचारा. ती निघाली की तुम्ही मागं कुत्री सोडता. ती निघू नयेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चाललाय.”

टिलरीनं उजव्या रकान्यात शॅकलेटचं नाव लिहिलं. याच खोलीत तेवीस वर्षं त्यानं नामांकित वकिलांची भाषणं उतरून घेतली होती. एवढं उघड सत्य इतक्या साध्या आवाजात त्यानं कधी ऐकलं नव्हतं. आणि ते आपल्यालाही केव्हापासून ठाऊक होतं, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

दारातला एक जण पचकन थुंकला. थुंकी शॅकलेटच्या बुटावर पडली. त्यानं खाली पाहिलंही नाही. दुखरा गुडघा सांभाळत, कठड्याला धरून, एकेक पायरी तो उतरत गेला. गर्दी बाजूला सरकली.

संध्याकाळी शेवटचं मत कारकुनाचं. घरी बायको होती, चार मुली होत्या, आणि नोकरी कर्नलच्या शब्दावर मिळालेली.

“बाजूनं,” टिलरी म्हणाला.

“ऐकू आलं नाही,” शेरीफ म्हणाला.

त्याला ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मग त्यानं डाव्या रकान्यात आपलं नाव लिहिलं. शेजारी, उजवीकडे, एक नाव होतं आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत मोकळी जागा. टिलरी शाई वाळेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला.