अळणी गाळ

गीतांजलीनं पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. बंदरातून आलेल्या गाळात मीठच नव्हतं.

जहाजांची वाट खोल राहावी म्हणून बंदराच्या तळाचा गाळ उपसावा लागतो. तो दूर समुद्रात टाकायचा, तर आधी त्यात शिसं, पारा किती हे तपासायचं, असा कायदा. तपासणी भिलाईतल्या या छोट्या लॅबमध्ये व्हायची आणि अहवालावर सही गीतांजलीची असायची. लॅब देवानंदकाकांची. ते बाबांचे गोंदियापासूनचे मित्र. ती एमएस्सी झाल्यावर त्यांनीच बोलावून घेतलं होतं, "बाहेरच्याच्या सहीवर माहा भरोसा नाही," म्हणून.

तिनं गाळ चाळला. चाळणीत शिंगाड्याचं काळं, काटेरी साल उरलं. ते साल तिच्या ओळखीचं होतं. गेल्याच आठवड्यात काका म्हणाले होते, "मशीनचं माप जमवायले साफ गाळ लागते." म्हणून ती स्वतः जवळच्या कुम्हारी गावच्या तलावात गुडघाभर उतरली होती. धुण्याचा घाट टाळून, शिंगाड्यांच्या वेलांखालचा सगळ्यात स्वच्छ कोपरा तिनं हौसेनं शोधला होता.

"काका, हा गाळ कुम्हारीचा आहे. मीच आणलेला."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "कशावरून?"

"शिंगाड्याचं साल निघालं. अन् मीठ नाही."

काकांनी कपाळावर हात मारला आणि चक्क हसले. "मीठ! अवो, आपण भिलाईची माणसं, समुद्र पाह्यला कोणं?" त्यांनी कपाटातला मिठाचा पुडा तिच्यापुढे सरकवला. "टाक मूठभर अन् मोज पुन्हा."

"अन् खरा गाळ?"

"त्याचं नाव नको काढू. शिसंच शिसं आहे त्यात. तसा अहवाल गेला, तं समुद्रात टाकू देत नाहीत."

"पण सही माझी आहे, काका."

"तुहीच तं पाहिजे, बेटा. तुले खोटं जमत नाही, हे साऱ्यांले माहीत आहे."

जागेवर येऊन तिनं अहवाल उघडला. नमुन्याच्या ठिकाणी बंदराचं नाव आधीच भरलेलं होतं. ते खोडून तिनं लिहिलं : कुम्हारी, शिंगाड्याचा तलाव. खालचे आकडे तसेच ठेवले, खरेच होते ते. सही केली. कागद काकांच्या टेबलावर ठेवला आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर न फोडलेला मिठाचा पुडा.

लॅबची किल्ली तिनं त्याच्याच शेजारी ठेवली.