मोकळा सोडलेला पूल

नंदूने पूल मोकळा सोडला होता. दशरथ पालवने चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला, परत लावला. पूल मोकळाच.

"काय झालं? कोण गेलं?" स्वयंपाकघरातून प्रेमाने विचारलं.

"कोणी नाही गं. नंदूने पुलावरची ब्रिगेड काढून घेतली."

"मग घ्या की तो पूल. तुम्हाला कोणी अडवलंय?"

"अगं, तो नंदू आहे! बावीस वर्षांत त्याने फुकट काही दिलंय? यात काहीतरी गोम आहे."

प्रेमाने भांडं जरा जोरात आपटलं. बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत इतकी युद्धं झाली होती की एका पुलाचं तिला काय कौतुक!

ही युद्धं म्हणजे पोरांची ठो-ठो गोळीबाराची नव्हेत. पडद्यावर नकाशा, नकाशावर षटकोनी घरं, आणि एकेक सोंगटी म्हणजे हजारो सैनिकांची आख्खी डिव्हिजन नाहीतर ब्रिगेड. आपली चाल करायची, फाईल मेलने पाठवायची, मग समोरच्याने आपल्या घरी बसून त्याची करायची. एकेक युद्ध आठ-आठ महिने चालायचं. दशरथने एकतीस वर्षं एका डेअरीच्या डिस्पॅचमध्ये काढली होती. कुठला टेम्पो किती वाजता सुटला म्हणजे दूध नासणार नाही, हे त्याला झोपेतही सांगता यायचं. त्यामुळे युद्धाबद्दलही त्याचं मत ठाम होतं. शौर्यबिर्य नंतर बघू, आधी जेवण पोचलं पाहिजे.

नंदू, म्हणजे नंदकुमार खोपकर, मुलुंडचा. कारखान्यात ड्राफ्ट्समन होता, आता रिटायर. दोघांची ओळख इंटरनेटवर, या खेळांच्या चाहत्यांच्या फोरमवर झाली. इंग्रजीतून कडाक्याचं भांडण चालू असताना कोणीतरी मध्येच 'आयला' लिहिलं आणि दशरथ खुर्चीतून उठलाच. तेव्हापासून अकरा युद्धं झाली. सात नंदूची, चार दशरथची.

आणि दोघांचे डोळे लागले होते ते 'इरावती'कडे. चव्वेचाळीस सालची ब्रह्मदेशची आघाडी, इम्फाळपासून खाली नदीपर्यंत. परदेशातली दोन माणसं सहा वर्षं हा खेळ बनवत होती आणि दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणत होती. वाट बघता बघता फोरमवरच्या पोरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली. एकदा नकाशाचं चित्र आलं, त्यात खेचरांच्या तुकडीची वेगळी सोंगटी होती. दशरथचे आजोबा त्याच आघाडीवर खेचरं हाकत होते. त्या दिवशी त्याने घरात शिरा करायला लावला.

"खेचरं आली म्हणून शिरा?" प्रेमा म्हणाली. पण केला.

नंदूशी वचन झालं होतं. 'इरावती' आली की एकट्याने हात लावायचा नाही. पहिलं युद्ध एकमेकांशीच.

पुलाच्या आदल्याच आठवड्यात फोरमवर तारीख जाहीर झाली, अठरा. दशरथने लगेच फोन लावला.

"नंद्या, तारीख आली रे!"

"कसली तारीख?" नंदू म्हणाला.

"चल, नाटकं करू नकोस."

मग नंदूही हसला होता.

तर तो पूल दशरथने घेतला नाही. उलट दोन डिव्हिजन मागे आणून खंदक खणले. पुढच्या चालीत नंदूने रणगाडे उत्तरेला जंगलात घातले, पेट्रोल मागे ठेवून. दशरथ तीन दिवस नकाशा बघत बसला आणि शेवटी मेल केली, 'झकास चाल. पण ओळखली मी.' आणखी खंदक खणले. मग पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी त्याचीच फाईल जशीच्या तशी परत आली, चाल न करता. दोन दिवसांनी पुन्हा तीच.

"आता डोक्याशी खेळतोय," दशरथ खूश होऊन म्हणाला.

प्रेमा चवळीच्या शेंगा मोडत होती. ती थांबली. "अहो, त्यांना बरं नसेल."

"नंदूला? काहीतरीच!"

"एक फोन लावायला काय होतं तुम्हाला?"

फोन नंदूच्या बायकोने, नीलावहिनींनी उचलला. दशरथने हसत हसत रणगाड्यांचं विचारलं.

"भाऊजी, यांना विसरायचा आजार झालाय," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून. रोज सकाळी तुमची फाईल उघडून बसतात. काय करायचं ते आठवत नाही. मग चिडतात, मग रडतात."

"वहिनी, अहो, मला सांगायचं नाही का?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, दश्याला कळलं तर तो मुद्दाम हरेल. इरावती येईपर्यंत निभावतो, म्हणाले."

दशरथने फोन ठेवला. "मी खंदक खणत बसलो गं," तो प्रेमाला म्हणाला. "तो तिकडे चाचपडत होता आणि मी मेला शहाणा, त्याची चाल ओळखत होतो!" त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी तो कम्प्युटरजवळ फिरकलाच नाही.

अठरा तारखेला खेळ आला. लॅपटॉपवर चढवून दशरथ दुपारच्या बसने मुलुंडला गेला. नंदूची दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट होता. नीलावहिनींनी टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"दश्या, ये," नंदू म्हणाला. ओळखलं होतं. दशरथच्या जिवात जीव आला.

नकाशा उघडला. नंदूने नदीवरून बोट फिरवलं, सावकाश, ड्राफ्ट्समनच्या हाताने. "किती सुंदर काढलीय रे," तो म्हणाला. मग बोट थांबलं. "इथून पुढे काय करायचं असतं?"

पडद्यावर दोन चौकटी होत्या. दोन खेळाडू एकमेकांविरुद्ध, नाहीतर कम्प्युटरविरुद्ध. पहिली दाबावी तर वचन राहत होतं, पण मग नंदूला हरवायचं, नाहीतर मुद्दाम हरायचं. दोन्ही त्याच्याने होणारं नव्हतं. त्याने दुसरी दाबली. उठला, आपली खुर्ची ओढत टेबलाच्या पलीकडे नेली आणि नंदूच्या शेजारी बसला.

"आपण कोणत्या बाजूचे?" नंदूने विचारलं.

"एकाच."

नंदू पूर्वीसारखा डोळे बारीक करून हसला. "लबाडा! घाबरलास माझ्याशी खेळायला."

"हो रे," दशरथ म्हणाला, "घाबरलो." आणि त्याने माऊस नंदूच्या हाताखाली सरकवला.