टायमिंग दिव्याची साक्ष

मित्रांनो, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला, पिस्तुलाच्या आकाराचा, तोंडाला जाड काच असलेला मी एक जुना टायमिंग दिवा आहे. पिस्तूल म्हटल्यावर दचकू नका. माझा घोडा दाबला की गोळी सुटत नाही, उजेड सुटतो. आणि तो उजेड अशी काही गंमत करतो की ती सांगताना आजही माझ्या वायरीत झिणझिण्या येतात!

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या इंजिनात सारख्या ठिणग्या पडत असतात. प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. ती फार लवकर पडली तर इंजिन खडखडतं, उशिरा पडली तर धापा टाकतं. या नेमकेपणाला गॅरेजमध्ये टायमिंग म्हणतात. माझा चिमटा ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वायरीवर बसवला की ठिणगी जाताक्षणी मी लुकलुकतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला गरगर फिरणारी एक पुली असते आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ. माझ्या उजेडात ती पुली चक्क थांबल्यासारखी दिसते! रेघ जागेवर दिसली तर टायमिंग बरोबर, सरकलेली दिसली तर चूक. आहे की नाही जादू?

मी एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर जन्मलो. पिकल्या केसांच्या एका कामगार बाईंनी माझ्या वायरींना डाख दिला. त्या प्रत्येक दिव्याची परीक्षा घेत. फिरत्या पंख्याच्या एका पात्यावर पांढरा ठिपका होता. तो ठिपका माझ्या उजेडात असा थांबला, जणू कुणी बोटाने धरून ठेवलाय. "हा खरा आहे," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवलं. ते शब्द मी जन्मभर मिरवले.

पुढे एका उस्तादांनी मला विकत घेतलं आणि त्यांच्या शिष्याने स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा त्याला भेट दिलं. तो शिष्य म्हणजे आमचे मिस्त्री. माणूस कामाला वाघ, पण स्वभावाने हट्टी. सुरुवातीची वर्षं काय सांगू तुम्हाला! दिवसाला सहा-सहा गाड्या. गाडीचे मालक वाकून वाकून थांबलेली पुली बघत आणि तोंडात बोट घालत. मिस्त्री छातीठोकपणे सांगत, "माझा दिवा बोलतो तेच खरं." मग नव्या गाड्या आल्या. त्यांचं टायमिंग त्यांच्या पोटातला संगणकच सांभाळतो. मला कोण विचारणार? माझ्या काचेवर धूळ साचली आणि चिमट्याला गंज चढला. वाईट वाटायचं, पण खिळ्यावर लटकलेल्याने कोणाकडे तक्रार करायची?

आणि एके दिवशी सिस्टरांची निळी गाडी आली!

सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन औषधपाणी करणाऱ्या नर्सबाई. टेकडीवरच्या वस्तीत त्यांचे अकरा रुग्ण होते, सगळे अंथरुणाला खिळलेले. वर बस जात नव्हती आणि सिस्टरांचे गुडघे चालू देत नव्हते. गाडी त्यांच्या वडिलांची, वयाने माझ्याएवढीच. चढावर ती मधूनच हिसके देई आणि बंद पडे. दोनदा तर ती चढावरून मागे घसरली होती. सिस्टरांनी शांतपणे सांगून टाकलं होतं की शनिवारपर्यंत दोष सापडला नाही, तर गाडी भंगारात जाईल आणि त्या दवाखान्यातली बसायची नोकरी मागून घेतील. मग वरच्या अकराजणांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही.

किती वर्षांनी मला खिळ्यावरून उतरवलं म्हणून सांगू! मिस्त्रींनी नेहमीच्या शिस्तीने प्लगांना ठिणग्या वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला जोडलेला बोटभर जाडीचा रबरी पाईप काढला, त्याच्या तोंडात एक स्क्रू खुपसला आणि माझा चिमटा वायरीला लावला. रेघ अगदी जागेवर. पाईप परत लावून मिस्त्रींनी गाडी चढावर नेली, तर ती पाखरासारखी वर गेली. सिस्टर घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच वळणावर हिसके सुरू. पुन्हा गाडी आमच्याकडे. पुन्हा रेघ जागेवर. मिस्त्रींनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासले. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी सिस्टरांना गाडी जरा दमाने चालवायला शिका, असंही ऐकवलं. त्यावर आत सुटे भाग लावत बसलेल्या त्यांच्या बायको म्हणाल्या, "शिकवायला तुम्हीच जा. तुम्ही तर पायाने नाही, रागाने चालवता गाडी." मिस्त्रींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. गाडी बरोबर नाही आणि दिवा म्हणतो बरोबर आहे, म्हणजे दिवाच खोटं बोलतोय! मित्रांनो, ते वाक्य ऐकून माझी काच तडकली नाही एवढंच. त्यांनी मला भंगाराच्या डब्यात टाकलं आणि कानाने आवाज ऐकून टायमिंग लावलं. गाडी आधीपेक्षाही वाईट चालू लागली. मी डब्यात, मोडक्या हेडलाइटच्या अंगावर उताणा पडलो होतो आणि मनात एकच घोकत होतो, मी जे पाहिलं तेच सांगितलं.

शनिवारी सकाळी सिस्टर गाडी न्यायला आल्या. भंगारवाल्याशी बोलणं झालं होतं. मिस्त्रींनी मान खाली घातली. सिस्टर रागावल्या नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाल्या की, तुम्ही त्या दिव्याने नक्की काय बघता ते मला एकदा दाखवा. नाही कसं म्हणणार? मिस्त्रींनी मला डब्यातून काढलं. माझा चिमटा वायरीवर बसला, इंजिन सुरू झालं, मी लुकलुकू लागलो. टायमिंग पुन्हा दिव्यावर लावलं आणि रेघ जागेवर आली. थांबलेली पुली बघून सिस्टर लहान मुलीसारख्या हरखल्या. मग त्यांचं लक्ष बाजूला लोंबकळणाऱ्या पाईपकडे गेलं.

"हा का काढलाय?"

मिस्त्रींनी समजावलं. इंजिन हवा ओढत असतं; गाडी निवांत चालीत असली की त्या ओढीने हा पाईप डिस्ट्रिब्युटरच्या आतली एक चकती थोडी फिरवतो आणि ठिणगी जरा लवकर पडते. टायमिंग तपासताना मात्र तो काढायचाच. उस्तादांची शिकवण होती, आणि ती चुकीचीही नव्हती.

"पण मी चालवते तेव्हा तर तो लावलेला असतो ना?"

मिस्त्री लगेच इंजिनावर वाकले. बायकोही आतून उठून बाहेर आल्या. मिस्त्रींनी पाईपच्या तोंडातला स्क्रू उपसला, पाईप जागेवर दाबून बसवला आणि घाईघाईने म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आत बसा. अॅक्सिलरेटर तुमच्या पद्धतीने दाबा. अगदी तुमच्याच पद्धतीने, हळू."

सिस्टरांनी पाय ठेवला. मी डोळे फाडून लुकलुकत होतो. रेघ वर सरकली, सरकायलाच हवी होती. आणि मग नाचायला लागली! पुढे, मागे, पुन्हा पुढे, मध्येच नाहीशी! तोच हिसका, तोच धक्का, भर गॅरेजमध्ये! मी ओरडू शकलो असतो तर अख्खी गल्ली गोळा केली असती. मिस्त्रींनी पाईप काढला, रेघ शांत. लावला, रेघ नाचली.

आता सगळा उलगडा झाला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती ओढ नाहीशी होते. मिस्त्री गाडी पळवत, म्हणून त्यांना दोष कधी भेटलाच नाही. सिस्टर अलगद चालवत, म्हणून तो रोज त्यांच्याच वाट्याला येई. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर उघडला. आतली चकती दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. एक स्क्रू गायब होता, दुसरा ढिला. पाईपने ओढलं की चकती कलंडायची आणि ठिणगीची वेळ चुकायची. मिस्त्रींच्या बायकोने सुट्या स्क्रूंचा डबा उपडा करून मापाचा स्क्रू शोधून दिला. पाच मिनिटांचं काम! मग रेघ वर सरकली आणि तिथेच ठाम उभी राहिली.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "सिस्टर, उगाच तुम्हाला नावं ठेवली. गाडी तुम्हीच नीट चालवत होतात."

"मग आता शेजारी बसा आणि बघा," सिस्टर म्हणाल्या.

गडबडीत मिस्त्रींनी मला खाली ठेवलंच नाही. मी त्यांच्या मांडीवर! आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेरचा रस्ता पाहिला. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण आलं. सिस्टरांनी पाय अलगद ठेवला आणि मिस्त्रींनी मला घट्ट धरलं. गाडी एका सुरात गुणगुणत वर चढली, शेवटच्या घरापर्यंत.

तिथे खिडकीशी एक आजोबा पडून होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी उशीवरून मान उचलली. सिस्टर त्यांची पट्टी सोडू लागल्या. माझ्याकडे बघून आजोबांनी विचारलं, हे पिस्तूल कशाला आणलंय? मिस्त्रींनी सदऱ्याच्या टोकाने माझी काच पुसली.

"हा दिवा आहे, आजोबा. खरं बोलत होता. मीच त्याला अर्धवट विचारलं, आणि वर भंगारात टाकलं."

मित्रांनो, आम्हां अवजारांची काच पुसा, वायर गुंडाळताना मोडू नका, चिमटा कोरडा ठेवा. एवढं केलंत तर आम्ही म्हातारपणीही कामाला येऊ. आणि कुणाला खोटं ठरवण्याआधी एकदा पूर्ण विचारून बघा. आम्हाला उलट बोलता येत नाही. त्या दिवशी सिस्टरांनी विचारलं नसतं, तर खिडकीशी पडलेले ते आजोबा अजून गाडीच्या आवाजाची वाट बघत असते.