दुखणं एकीकडं, गाठ एकीकडं

“मेलो, मेलो, वंदनाबाई!” टेबलावर पालथा पडलेला रामकिसन ओरडला.

“मेलेलं मानूस येवढं वरडत न्हाई, मामा. श्वास सोडा. सोडा म्हनलं की धरून काय बसता!”

बाहेरच्या बाकावरून अर्पिताला अर्ध्या पडद्याआडचं सगळं दिसत होतं. फवारणीचा पंप वागवून आखडलेली ती पाठ वंदनाताई अंगठ्यानं चाचपत होत्या, पण नजर होती रामकिसनच्या पायांवर. पालथ्या माणसाचं तोंड दिसत नाही, पायांची बोटं दिसतात. बोटं आकसली की अंगठा जागीच थांबे. बोटं सैल पडली की मगच पुढं सरके. अर्पितानं हे तीनदा पडताळून पाहिलं, तेव्हा कुठं तिचा जीव थोडा भांड्यात पडला.

मस्तगड भागातल्या त्या दवाखान्यावर पाटी कायरोप्रॅक्टरची. लोक म्हणत मणक्यावाले डॉक्टर. मणके डॉक्टर बघत. स्नायूंतल्या गाठी, ज्यांना ते ट्रिगर पॉइंट म्हणत, त्या वंदनाताईंकडं. धावडा गावची ही बाई वीस वर्षांपूर्वी इथं झाडलोटीला आली. तिचा हात बघून डॉक्टरांनीच तिला समोर बसवून शिकवलं.

“हात दुखतो म्हनती, पन मोबाइल बराबर धरता येतो,” मांडीवरच्या नातीला, आकांक्षाला थोपटत अर्पिताच्या सासूबाई, कांताबाई, पुटपुटल्या. घनसावंगीहून येताना जीपमध्येही त्यांनी हे शेजारी बसलेल्या बाईला ऐकू जाईल असं दोनदा म्हटलं होतं.

बीएस्सी झालेल्या अर्पितानं मोबाइलवर वाचून वाचून स्वतःला तीन मोठे आजार लावून घेतले होते. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. आजही डॉक्टरांनी मान वळवून, हाताची ताकद बघून, “नस दबलेली नाही,” एवढंच सांगितलं होतं. मग हात एवढा का दुखतो? दीड महिन्यापूर्वी न्हाणीत काय झालं, ते तर तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून अकरा महिन्यांच्या लेकीला तिनं उचललंच नव्हतं.

रामकिसन खांदे फिरवत गेला आणि तिची पाळी आली. लेकराला घेऊन सासूबाईही पडद्याआत आल्या.

“कुठं दुखून राह्यलं, ताई?”

अर्पितानं खांद्याचा पुढचा भाग दाखवला, मग दंड, मग मनगट. वंदनाताईंनी तिथं हातसुद्धा लावला नाही. तिला कुशीवर झोपवून त्यांची बोटं मागं गेली, खांद्याच्या पात्यावर. इकडं थोडी, तिकडं थोडी. एका जागी थांबली.

“आई गं!” कळ थेट दंडातून मनगटापर्यंत उतरली. “हेच! हेच दुखतं! पण तुम्ही तर मागं...”

“दुखनं एकीकडं आन गाठ एकीकडं. सगळे दुखतं तिथंच चोळीत बसतेत.” अंगठा हलला नाही. “निजताना हा हात कुठं असतो?”

अर्पितानं आकांक्षाकडं पाहिलं. “हिच्या छातीवर.”

“रातभर?”

“श्वास चालू आहे ना, ते कळतं. हात काढला की झोपच लागत नाही.”

“कवापासून?”

“झाली तेव्हापासून.”

कांताबाईंचं थोपटणं थांबलं.

“अकरा महिने हात लांबवून पहारा दिलाय पात्यावरच्या या मांसानं,” वंदनाताई हळू म्हणाल्या. “थकनार न्हाई तर काय!”

दीड महिना कुणी खरं मानलं नव्हतं असं दुखणं कुणीतरी बोटाखाली धरून ठेवलं होतं. अर्पिताला रडू फुटलं, आणि रडण्यासोबत तेही बाहेर आलं. “सुटली होती ती माझ्या हातून. न्हाणीत. धुण्याच्या ढिगावर पडली म्हणून... फरशी वीतभर लांब होती, आई.”

कांताबाई म्हणाल्या, “आन मी म्हनलं, कामाचा कंटाळा.”

गाठ हळूहळू मऊ पडली. वंदनाताईंनी गरम फडकं ठेवलं, हात छातीपुढून ओढून ताण द्यायला शिकवलं. “एका खेपेत जानारी न्हाई ही. चार-पाच डाव यावं लागंल. आन निजताना हात आपल्यापाशी. लेकरू श्वास घ्यायचं इसरत नसतं.” मग त्यांनी खाली सतरंजी अंथरली. “घ्या आता तिला.”

“नको. आज नको.”

“उभ्यानं न्हाई. बसा. दोन्ही हातानं, अंगाशी धरून. फरशी कुठंच न्हाई इथं.”

अर्पिता बसली. कांताबाईंनी आकांक्षाला समोर ठेवलं आणि खाली बसून आपले दोन्ही हात लेकराखाली पसरून धरले, ओंजळीसारखे. अर्पितानं बगलेत बोटं घातली. लेकरू वर आलं. या वेळी हात सुटला नाही. आकांक्षानं आईच्या मानेत तोंड खुपसलं.

कांताबाईंचे हात अजून तसेच होते.

“आजी,” वंदनाताई म्हणाल्या, “हात मागं घ्या.”

कांताबाईंनी घेतले. दीड महिना आकांक्षामुळं ते हात रिकामे नव्हते. कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना, म्हणून त्या सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत बसल्या. ती सरळ झाली, तरी करत राहिल्या.